मांडेवाली दीवला गेली

मंगलाबाई मांडा टाकायला बसली की बघायला पोरंसोरं नाही, म्हातारी माणसं जमायची. चुलीवर मातीचं खापर पालथं, खाली तुरखाट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, आणि समोर ही बाई पदर कमरेला खोचून. पुरण भरलेला गोळा ती पोळपाटावर लाटत नसे. दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत नेत, इतका पसरवायची की पलीकडचं माणूस त्यातून दिसावं. मग एका झटक्यात खापरावर. कुठे भोक नाही, कुठे जाड नाही. आमच्या तापीकाठच्या वीस-पंचवीस गावांत असं लग्न झालं नाही जिथे तिच्या हातचा मांडा नव्हता.

त्या बाईला गव्हानेच धरलं.

दोन-अडीच वर्षं कोणाला कळलंच नाही. दिवसातून आठ वेळा परसाकडे पळायचं, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. एकाने अल्सर सांगितला, दुसऱ्याने रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या, सासरच्या एका म्हातारीने नजर काढून मिरच्या जाळल्या. शेवटी सुरतेच्या डॉक्टराने रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं बघितलं आणि सांगितलं, गहू बंद. पोळी, बट्टी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद. थोडं चालेल असं नाही, कणही नाही. आणि हे महिना-दोन महिन्यांचं पथ्य नाही, मरेपर्यंत आहे.

तिचा नवरा पितांबर बाहेरच्या बाकड्यावर बसलेला होता. ऐकून म्हणाला, "तीस वरीस इनी गहूले झोडं, आते गहू इले झोडी ऱ्हायना."

मंगलाबाई रडली-बिडली नाही. घरी येऊन गव्हाची कोठी सुनेच्या हवाली केली. आपला तवा वेगळा केला, आपली परात वेगळी. महिनाभराने तरीही पोट बिघडलं तेव्हा ती गावातल्या भिला नावाच्या माणसाच्या गिरणीवर जाऊन तासभर नुसती बसली. बघते तर आधी कोणाचा गहू पडतो, मग गिरणीच्या त्याच दगडांत हिची ज्वारी. गव्हाचं राहिलेलं पीठ ज्वारीत उतरणारच. त्याच आठवड्यात तिने गोठ्यातलं जुनं जातं बाहेर काढलं, पाथरवटाकडून टाकी लावून घेतली आणि आपलं पीठ आपण दळायला लागली. मांडे करायचं सोडलं नाही. डॉक्टराने सांगितलं होतं, हाताला लागून काही होत नाही, पोटात जायला नको. म्हणून तोंडाला ओला फडका बांधून बसायची आणि काम झालं की कोपरापर्यंत साबण.

सगळं बरं चाललं होतं, खांडबाऱ्याच्या लग्नापर्यंत. तिथे ती फक्त भात आणि वांग्याची भाजी जेवली. भाजी पातळ झाली म्हणून तिथल्या स्वयंपाक्याने तिच्यात मूठभर भाजलेली कणीक कालवली होती. परतताना मंगलाबाई स्टेशनावर गाडीची वाट बघता बघता खालीच बसली, ती उठेचना. चार दिवस सलाईनवर काढले.

मुलगा भाग्येश शाळेत मास्तर आहे, गणित शिकवतो. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"माय, आते तू कोठेच जावानं नही. ना लगीन, ना बारसं, ना जत्रा. घरमा बस. तुले काय कमी शे?"

"बठी ऱ्हावाले मी काय मूर्ती शे का?"

"मूर्तीले निदान सलाईन लावनी पडत नही."

मुलगा वाईट बोलत नव्हता. पण घराबाहेर जायचं नाही म्हणजे मांडे नाहीत, आणि मांडे नाहीत म्हणजे तिला नुसतं पितांबरचं तोंड बघत ओसरीवर बसायचं होतं. तिचं वय बावन्न. आईने नव्वदी गाठली होती. एवढी वर्षं ओसरीवर काढायची, या विचाराने तिला सलाईनपेक्षा जास्त घाम आला.

पौषात लग्नं नसतात, तेव्हा बचतगटाच्या बायांनी दीवची सहल काढली. बेट आहे, चहूबाजूंनी समुद्र, पूल ओलांडून बस जाते. गटाची अध्यक्ष शीला, मंगलाबाईच्याच मांडे करणाऱ्या टोळीतली, दहा वर्षं एका खापराला दोघी बसलेल्या. तिने मंगलाबाईचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं. भाग्येश नको म्हणाला. तेव्हा मंगलाबाईने त्याच्या समोर खुर्ची ओढली.

"चार दिन. चारी दिन घरबाहेर जेवसू, आनि मन्हा पायवर घर इसू. आडी पडनू ते तू म्हनशी तसं, मंग उंबरा वलांडाव नही. नही पडनू, ते लगीनना काम धरसू. मंग तू आडवं येवानं नही."

भाग्येशने थोडा विचार केला आणि हो म्हटलं. त्याला खात्री होती की ती पडणार.

तिने तयारी लढाईला निघावी तशी केली. आपल्या जात्यावरचं ज्वारीचं पीठ झाकणाच्या डब्यात दाबून भरलं. लहान लोखंडी तवा धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला. शेंगदाणे, गूळ, उकडलेली रताळी, आपल्या हाताने कांडलेलं तिखट. बावीस बायांची बस पहाटे निघाली, आणि विसरवाडी मागे पडेपर्यंत गटातल्या सरलाबाईने दोन गाणी म्हणून तिसऱ्याच्या निम्म्यात झोप काढली होती.

सुरतेच्या पुढे दुपारी एका हॉटेलावर बस थांबली. बाया टेबलांवर बसल्या. मंगलाबाई हॉटेलाला वळसा घालून मागच्या दाराने गेली. हॉटेल पुढून बघायचंच नसतं, हे तिचं म्हणणं. पुढे खुर्च्या असतात, स्वयंपाक मागे असतो.

गहू आहे का असं ती कधीच विचारत नसे. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, नाही म्हणून. ती विचारायची, डाळीत काय काय घातलं ते सांगा. रस्सा कशाने दाट केला. हा झारा कुठे कुठे बुडवला. त्या दिवशी तिने तिच्या तोडक्यामोडक्या गुजरातीत विचारलं, "भाई, दाळमां हिंग नाखी छे?"

"नाखी छे, माजी. हिंग वगर दाळ केवी?"

डाळीत हिंग होताच, आणि डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते गव्हाचं असतं. दुकानात डब्या उलट्या करून, सुनेकडून बारीक अक्षरं वाचून घेऊन ती ते शिकली होती. मग तिने दही घेतलं, न फोडलेल्या पिशवीतलं, आणि घरून आणलेल्या भाकरीबरोबर बसमध्ये बसून खाल्लं.

स्वयंपाकी खोटं बोलतो हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः बोलली होती. पाच-सहा वर्षांपूर्वी नवापूरकडच्या एका लग्नात एक आई कडेवरचं पोर घेऊन चुलीपाशी आली होती. म्हणाली, मावशी, याला गहू चालत नाही, वरणात काही नाही ना? मंगलाबाई त्या वेळी शंभर मांड्यांच्या घाईत होती. म्हणाली, नाही गं, निव्वळ डाळ. त्या वरणात तिनेच थोड्या वेळापूर्वी पीठ लावलं होतं. पोराने पुढे काय भोगलं ते दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर आलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की पोराचं पोटच नाजूक. आता बसच्या खिडकीशी बसून दही-भाकरी खाताना तिला त्या आईचं तोंड आठवत होतं. नाव काही आठवत नव्हतं. लबाडी करायची म्हणून ती खोटं बोलली नव्हती. मागे वाढपी ओरडत होते, म्हणून बोलली होती. सगळे तसेच बोलतात.

दीवला समुद्राच्या जवळ दोन मजली हॉटेल होतं. तिथला आचारी जगदीश, जवळच्या ऊना गावाकडचा, पोट सुटलेला, स्वभावाने मोकळा. मंगलाबाईने पहिल्याच सकाळी त्याला सांगितलं की मी तुझ्यासारखीच आहे, हजार-हजार माणसांचं रांधते, मला जेवणाच्या गर्दीआधी एक शेगडी दे. एका आचाऱ्याने दुसऱ्याला शेगडी मागितल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. तिने शेगडी घासली, आपला तवा ठेवला, आठ भाकरी टाकल्या, जाळावर वांगं भाजून भरीत केलं. तो दिवस तिने असा निभावला आणि पोटाने एक शब्द काढला नाही.

बाकी बाया मजेत होत्या. साड्या गुडघ्यापर्यंत धरून समुद्रात गेल्या, एकमेकींना ढकललं, किल्ल्यावर तोफांना टेकून फोटो काढले. सरलाबाईची एक चप्पल लाटेने नेली. ती कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इतलं पानी, आनि एक टिपरं ऊस नही."

सरलाबाईच्याच पोटाने सहलीच्या दुसऱ्या संध्याकाळी दगा दिला. बाजारात काहीबाही खाल्लं होतं. मंगलाबाई तेव्हा किनाऱ्यावर होती. सरलाबाईला पातळ पेज हवी होती, म्हणून तिने मंगलाबाईच्या डब्यातून दोन मुठी ज्वारीचं पीठ घेतलं, पेज करून प्याली आणि झोपली. पण झोपण्याआधी एक गोष्ट केली. आमच्याकडे कोणाचा डबा कमी झालेला परत देत नाहीत. शेजारीण वाटीभर साखर घेऊन गेली तर परत देताना वाटी वरपर्यंत भरलेली येते. सरलाबाईने आपल्याजवळचं कळण्याचं पीठ, ज्वारी-उडदाचं, त्या डब्यात ओतलं, डबा हलवून सारखा केला आणि झाकण घट्ट लावलं.

सकाळी मंगलाबाईने झाकण काढलं. पांढऱ्या पिठात उडदाच्या सालीचे काळे ठिपके. ती बोटाने पीठ उलटून बघत राहिली. खालपर्यंत ठिपके होते.

"सरला, हाई कोनी करं?"

"मी. दोन मुठी लिध्या व्हत्या, भरी दिधा डबा. रिकामा कसा ठेवू?"

"पीठ कोठे दळेल शे?"

"कोठे म्हंजे? भिलानी गिरनीवर. आखं गाव तठेच दळस."

सरलाबाईच्या तोंडावर उपकार केल्याचा आनंद अजून होता. मंगलाबाईने झाकण लावलं आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. "तू गुन्हा नही करं. पन हाई पीठ आते तूच खाय." मग तिने थोडक्यात सांगितलं, गिरणीत काय होतं ते. सरलाबाईचं तोंड उतरलं. ती म्हणाली, मी चाळून देते. मंगलाबाई म्हणाली, पिठातून पीठ चाळता येत असतं तर मी डॉक्टरकडे कशाला गेली असती.

तिसरा दिवस होता. अजून तो दिवस, मग चौथ्याचा परतीचा आखा प्रवास. रताळी संपली होती. शेंगदाणे मूठभर होते. पोटात काही नसलं तरी माणूस आडवं पडतं, आणि भाग्येशला आडवं पडण्याचं कारण विचारायची गरज नव्हती.

त्याच दुपारी शीलाने वरण-बट्टी ठरवली होती. जगदीशकडून मागचं अंगण मागून घेतलं होतं. गोवऱ्या पेटल्या, बट्ट्या वळल्या गेल्या, वांग्याची भाजी चढली. घरापासून इतक्या लांब समुद्राच्या वाऱ्यात बट्टीचा वास सुटला आणि बाया माहेरी आल्यासारख्या बोलू लागल्या. शीलाने मंगलाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यासाठी ज्वारीची बट्टी केली आहे. पीठ ती सकाळीच बाजारातून बंद पुड्यातलं घेऊन आली होती, पुड्यावरची अक्षरं जगदीशकडून वाचून घेतली होती. परात वेगळी, गोवऱ्या वेगळ्या. तुझ्या त्रासाचं सगळं मला कळतं, असं म्हणाली, आणि तिला खरंच कळत होतं.

मंगलाबाई जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. परात वेगळी, खरं होतं. जाळ वेगळा, खरं होतं. शेजारी तुपाचं मोठं पातेलं. गव्हाची बट्टी भाजून निघाली की फोडून त्या पातेल्यात बुडवायची, पुरती भिजली की काढायची. तुपात बुडाली नाही ती बट्टीच नव्हे, असं आमच्याकडे मानतात. पन्नास-साठ बट्ट्या त्यात बुडून निघाल्या होत्या आणि तुपावर त्यांचा चुरा तरंगत होता. मग शीलाने ज्वारीच्या तीन बट्ट्या काढल्या, हौसेने फोडल्या, आणि त्याच पातेल्यात बुडवल्या.

पहिलं ताट मंगलाबाईला. साऱ्या बाया बघत होत्या.

"खाय वं. निव्वळ जवारीनी शे, मन्हा हातनी."

"तूप कोनतं शे?"

"तूप म्हंजे तूप. तेमा काय गहू ऱ्हास?"

"पातेलंमा देख."

शीलाने बघितलं. तिला दिसलं. पण ताट हातात होतं आणि बाया बघत होत्या.

"दोन कन शेत. दोन कनमा मरनार शे का तू?"

"मरनार नही. आडी पडसू. आनि आडी पडनू का मन्हं बाहेर जावानं कायमनं बंद. तुले ठाऊक शे."

"सकायपासीन मी तुन्हाकरता बाजार फिरनू."

"माहीत शे माले."

"मंग एक घास. मन्हा मान ठेव."

हा एक घास मंगलाबाईने आयुष्यात हजारांना भरवला होता. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात मांडा टाकायचा आणि पुढे सरकायचं, तो राग दाखवत खातोच. नको म्हणणारा माणूस असतो कसा, हे तिला कधी बघायला मिळालं नव्हतं. तिने ताटाला बोटं लावून कपाळाला लावली आणि ताट शीलाकडे परत सरकवलं.

"तुन्हा मान मी घर जाईसन ठेवसू. आठे नही."

शीला लाल झाली. "म्हंजे आमना हातनं तुले आते चालत नही."

मंगलाबाई उठली आणि अंगणाच्या मागच्या भिंतीकडे चालायला लागली, कारण पुढे गेली असती तर बायांच्या मधून जावं लागलं असतं.

भिंतीपलीकडे नारळाची बाग होती आणि भिंतीला टेकून पत्र्याची खोली. तीन दगडांवर चूल पेटली होती. हॉटेलाची भांडी घासणारी बाई तिथे बसून पीठ मळत होती. कालपासून दोघी एकमेकींना बघत होत्या, बोलणं झालं नव्हतं. मंगलाबाई थांबली ती वासाने. मक्याचं पीठ होतं.

"कोनतं गाव बाई तुन्हं?"

बाईने वर बघितलं. ती शहाद्याच्या बाजारात बोलतात तसं मोडकं मराठी बोलली. "तोरणमाळ. खाली पाडा आहे. तुमची बस नंदुरबारची, पाटी वाचली मी."

तिचं नाव फुलीबाई. नवरा नवलसिंग बागेत पाणी धरायचा, ती भांडी घासायची. पाऊस सरला की यायचं, होळीला घरी जायचं. मंगलाबाईने तिला आपलं दुखणं चार वाक्यांत सांगितलं. फुलीबाईला त्यात नवल वाटलं नाही.

"गहू आम्हाला पण जड. पोटात दगड."

"पीठ कोठे दळं?"

"घरी. सासू दळते, जात्यावर. पोतं भरून आणलं."

"ते जातावर गहू?"

"गहू रेशनचा. तो खाली चक्कीवर नेते. जात्यावर मका, ज्वारी, बस."

मंगलाबाई खाली बसली. दगडांवर मातीचा तवा तापत होता. तिने त्याच्याकडे बोट केलं. "हाऊ तवावर कधी रोटी गरम करी का? हॉटेलनी?"

फुलीबाईचा हात पिठात थांबला. उरलेल्या रोट्या हॉटेल कामगारांना देतं, हे उघड होतं. नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. तिने जरा आठवलं.

"केली. परवा नवलसिंगने केली. दोन."

गेल्या वर्षभरात मंगलाबाईने पंचवीसेक स्वयंपाक्यांना विचारलं असेल. आपल्या भांड्याला गहू लागला होता असं तोंडाने सांगणारी ही पहिली. तिचा त्या बाईवर भरवसा बसला तो त्या दोन रोट्यांमुळे.

"मंग तवा चालत नही माले."

"तवा कशाला. पानात भाजू." फुलीबाईने हाक मारली आणि नवलसिंग बागेतून केळीची पानं कापून घेऊन आला. घरी पळसाच्या पानात भाजतात, इथे पळस नाही. पीठ थापून दोन पानांच्या मध्ये दाबायचं आणि तसंच विस्तवात ठेवायचं. मंगलाबाईने मिरची-लसूण वाटायचा दगड मागून घेतला आणि धुतला. परत धुतला. तिसऱ्यांदा पाणी घेतलं तेव्हा फुलीबाई म्हणाली, "आमचा भगत, बडवा, देव मांडतो, तो पण इतकं धुवायला सांगत नाही."

"तुमना बडवाले जुलाब लागत नहीत."

नवलसिंग लांब उभा होता, तोही हसला.

पान जळून काळं झालं, आतली भाकर पिवळी, कडेने कडक. मंगलाबाई ठेच्याबरोबर दोन खाऊन तिसरी तोडत होती, तेव्हा भिंतीवरून सरलाबाईचं डोकं दिसलं आणि गेलं. थोड्या वेळाने शीला आली. ती चुलीपर्यंत आली नाही, भिंतीच्या कोपऱ्यापाशी थांबली.

"आमनं ताट फिरावं, आनि आठे बठनी. पाटलीन शे तू. गावमा लोके काय म्हनतीन?"

"म्हनतीन का मंगला जेवनी."

फुलीबाई पीठ थापत राहिली. तिला सगळं कळत होतं, हे तिच्या थापण्यावरून दिसत होतं. शीला गेल्यावर ती म्हणाली, "पाटलीणबाई, बाजारात तुम्ही आम्हाला पाणी वरून ओतता."

मंगलाबाई खोटं बोलली असती तर ते दिसलं असतं. "ओततस," ती म्हणाली.

"आज नाही?"

"आज तू माले ओती ऱ्हायनी."

फुलीबाईने चौथी भाकर तिच्याकडे सरकवली. जेवण झाल्यावर बट्टीची सगळी भांडी मागे येऊन पडली, बावीस ताटं, दोन पराती आणि ते तुपाचं पातेलं. मंगलाबाईने तोंडाला ओला फडका बांधला, पदर खोचला आणि फुलीबाईशेजारी बसून घासायला लागली. वरच्या गॅलरीतून दोघी-तिघी बघत होत्या. पातेलं तिने स्वतः घेतलं आणि राख लावून असं घासलं की जगदीशने ते परत घेताना जरा वेळ हातात धरून बघितलं.

संध्याकाळीही ती तिथेच जेवली. सकाळी निघताना फुलीबाईने सहा भाकरी पानासकट बांधून दिल्या. मंगलाबाईने आपला लोखंडी तवा तिच्या चुलीपाशी ठेवला. म्हणाली, "हाऊ ठेव. पुढली साल इसू. तवर रोटी मातीना तवावर करजो, हाऊवर नही." फुलीबाई म्हणाली, नवलसिंगला सांगून ठेवते.

परतीच्या बसमध्ये शीला पुढच्या सीटवर बसली आणि मागे वळली नाही. सरलाबाई शीलाच्या शेजारी बसून एकदा शीलाकडे, एकदा मागे मंगलाबाईकडे बघत होती. वाटेत दोनदा बस जेवणाला थांबली. दोन्ही वेळा मंगलाबाईने पान सोडून भाकर काढली आणि पाण्याबरोबर खाल्ली. दुसऱ्या वेळी ती वाळून दातांना भारी झाली होती. ती चावत राहिली.

भाग्येश विसरवाडीला येऊन थांबला होता. कोणाची तरी गाडी मागून आणली होती. मागच्या सीटवर उशी, चादर, पाण्याची बाटली आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी. बस थांबली. सगळ्यात आधी मंगलाबाई उतरली, हातात आपली पिशवी. भाग्येशने तिचं तोंड बघितलं, खालची पापणी ओढून डोळा बघितला.

"कितली वेळा गयी?"

"मानूस जास तितली."

"उलटी?"

"नही."

त्याने पापणी सोडली. मग मास्तरासारखा म्हणाला, "कधी कधी दुखनं दोन दिननी उशिरा उठस."

"मंग दोन दिन देख," मंगलाबाई म्हणाली, "कागद घरमाच ऱ्हावू दे," आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दोन दिवस भाग्येश शाळेतून आला की आधी तिच्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने बघणं सोडलं आणि वैशाखातल्या लग्नांचे निरोप, जे तो महिनाभर दाबून बसला होता, ते कागदावर लिहून तिच्या पुढे ठेवले. सात गावं होती. मंगलाबाईने त्याच्याकडूनच फोन लावून घेतले. प्रत्येकाला तिने एकच गोष्ट सांगितली. मांडे करीन, पण माझ्या जेवणाची चूल वेगळी, माझ्या चुलीवरची भांडी वेगळी, आणि त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. जमत असेल तर तारीख द्या.

पहिल्या घरचे म्हणाले, बाई, लग्नघरात इतकं कोण सांभाळतो. दुसरे हसले आणि नंतर कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. भाग्येश फोन खाली ठेवून म्हणाला, "माय, आशे कोनी बोलावाव नही तुले."

"पुढला लाव."

तिसरं घर नवापूरकडचं होतं. तिकडच्या माणसाने विचारलं, एक चूल वेगळी म्हणजे विटा किती लागतील. मंगलाबाईने सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती टोळी घेऊन निघाली. शीलाही आली. दीवहून आल्यापासून दोघींचं कामाशिवाय बोलणं नव्हतं, आणि त्या प्रवासातही झालं नाही. पण खापराला बसताना शीला रोजच्या जागी, मंगलाबाईच्या डाव्या हाताला बसली, आणि पहिला गोळा तिनेच भरून दिला.